क्लास संपल्यावरचा मेसेज: ऑनलाइन शिकवणीत मुलं आणि परावलंबी प्रौढ सुरक्षित कसे ठेवायचे

ऑनलाइन क्लासची सुरक्षा म्हटलं की बहुतेक क्लासचालक पासकोड आणि वेटिंग रूमपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. दोन्ही गोष्टी हव्यातच. पण आगंतुक माणूस तासात घुसला तर तो सगळ्या बॅचला दिसतो आणि मिनिटभरात बाहेर काढता येतो. मोठं नुकसान होतं ते दुसरीकडे. तास सातला संपलेला असतो आणि रात्री पावणेअकराला मुलाच्या फोनवर एक मेसेज येतो, फक्त त्याच्यासाठी. तो आईला दिसत नाही, क्लासच्या मालकाला दिसत नाही, बॅचमधल्या मुलांनाही दिसत नाही.

म्हणून खालची जवळजवळ प्रत्येक सूचना एकाच हेतूने दिली आहे: शिकवणारा मोठा माणूस आणि मूल यांच्यात तिसऱ्याला न दिसणारी वाट राहू द्यायची नाही. शिष्यवृत्ती-नवोदयची तयारी, गणित, तबला, बुद्धिबळ, नृत्य, योग, परदेशातल्या मुलांसाठी मराठी, ज्येष्ठांसाठी मोबाइल शिकवणी, सगळ्यांना हे लागू आहे. घरातून एकट्याने शिकवणाऱ्या ताईंनाही, आणि पंधरा शिक्षक ठेवलेल्या संस्थेलाही.

प्रवेश अर्जात काय हवं

समोरासमोरच्या क्लासमध्ये मूल कुठे आहे हे तुम्हाला माहीत असतं, ते तुमच्यासमोर बसलेलं असतं. ऑनलाइन तासात मूल स्क्रीनवर दिसतं, पण ते नेमकं कुठे आहे हे ठाऊक नसतं. तासाच्या मध्ये घरात मारहाण सुरू झाली, मूल बेशुद्ध पडलं किंवा त्याने जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली, तर ११२ वर फोन लावल्यावर पहिला प्रश्न येतो: पत्ता काय? बहुतेक ऑनलाइन क्लासकडे त्याचं उत्तर नसतं. फीची पावती असते, व्हॉट्सअॅप नंबर असतो, पत्ता नसतो.

म्हणून अर्जात मुलाचं नाव, जन्मतारीख, पूर्ण पत्ता (इमारत, मजला, गाव, तालुका, पिनकोडसह), दोन वेगवेगळ्या मोठ्या माणसांचे फोन आणि तासाच्या वेळी घरात सहसा कोण असतं, एवढं घ्याच. मे महिन्यात आणि दिवाळीत मुलं आजोळी जातात. सुट्टी लागण्याच्या आठवड्यात पालकांना विचारायचं, ‘पुढचे पंधरा दिवस तास कुठून करणार?’ आणि तो पत्ता टिपून ठेवायचा. मूल परदेशात असेल तर तुमच्या पुण्यातल्या फोनवरून लावलेल्या ११२ चा उपयोग नाही. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९ आहे, पण हे नंबरही भारतातून थेट लागत नाहीत. त्या शहरातल्या पोलिसांचा परदेशातून लागणारा नंबर आणि त्याच शहरात राहणाऱ्या एका नातेवाइकाचा किंवा शेजाऱ्याचा फोन प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्या.

आणखी एक रकाना हवा: मुलाला कुणाच्या ताब्यात द्यायचं नाही किंवा कुणाला माहिती द्यायची नाही, असा कोर्टाचा काही आदेश आहे का? घटस्फोटाच्या वादात वडील किंवा आई क्लासकडून मुलाचं वेळापत्रक काढून घेण्याचा प्रयत्न करतात. आदेश माहीत असेल तर काय बोलायचं ते फोन उचलणाऱ्याला कळतं.

जे लागत नाही ते मागू नका. आधारची प्रत, शाळेचं ओळखपत्र, मुलाचा पासपोर्ट फोटो यांची गणिताच्या शिकवणीला गरज नसते, आणि साठवलेली माहिती कधीतरी फुटतेच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. कायदेशीर पालक नेमलेल्या अपंग व्यक्तीसाठीही तशीच. अर्जावर कोपऱ्यात एक टिक मार्क म्हणजे संमती नव्हे. कोणती माहिती, कशासाठी, किती दिवस, हे तीन ओळींत मराठीत लिहा आणि पालकांच्या नंबरवरून होकार घ्या.

निकालाच्या दिवशी हे सगळं विसरलं जातं. मुलाचा फोटो, पूर्ण नाव, शाळा, गाव आणि गुण असलेलं पोस्टर क्लासच्या स्टेटसवर, फेसबुकवर आणि चौकातल्या फ्लेक्सवर झळकतं. कौतुक मनापासूनचं असतं. पण अनोळखी माणसाला त्या मुलीशी ओळख काढायला जे जे लागतं ते सगळं त्या एका पोस्टरवर असतं. ‘आर्या, शिष्यवृत्तीधारक’ एवढं पुरतं. फोटो हवाच असेल तर त्या पोस्टरपुरती वेगळी संमती घ्या, वर्षभराची सरसकट नको.

शिक्षक ठेवताना

आधार कार्डावरून माणूस कोण आहे ते कळतं, कसा आहे ते नाही. महाराष्ट्र पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. तो अर्ज शिक्षकालाच करायला सांगा आणि मूळ दाखला बघा. पण या दाखल्याची मर्यादा ओळखा: नोंद झालेलं प्रकरणच त्यात येतं. बहुतेक प्रकरणं पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची २०१८ पासून आहे, पण ती पोलीस यंत्रणेसाठी आहे, क्लासचालकाला त्यात नाव शोधता येत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला शिकवायला ठेवू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा शिक्षकाकडून तसं लेखी घ्या.

दाखल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात ते दोन फोन. आधीच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करा. शिफारसपत्रावर विसंबू नका. ते सोडून जाणाऱ्याला सगळेच देतात. प्रश्न असा विचारा: ‘या सरांना पुन्हा लहान मुलांची बॅच द्याल का?’ समोरचा लगेच हो म्हणाला तर ठीक. तो थांबला, ‘शिकवतात छान’ असं म्हणून विषय बदलला, तर ते थांबणं लिहून ठेवा आणि आणखी एक फोन करा.

पहिले तीन महिने नवीन शिक्षकाला एकास एक तास देऊ नका. बॅचच शिकवू दे, आणि दर आठवड्याला एका तासात कुणीतरी न सांगता डोकवायचं. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं की कुणाला अपमान वाटत नाही. जो शिक्षक याला पुन्हा पुन्हा हरकत घेतो त्याच्याशी बसून बोला.

संपर्काची वाट: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नियम साधा आहे. शिक्षकाच्या वैयक्तिक नंबरवरून मुलाच्या वैयक्तिक नंबरवर काहीही जायचं नाही. ‘गृहपाठ पाठव’ नाही, ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ नाही, ‘आज का आली नाहीस’ सुद्धा नाही.

नियम मोडतो तो दुष्टपणाने नव्हे, सोयीने. मुलाला रात्री गणित अडतं, सर भले असतात, ते उत्तर देतात. महिनाभरात पंचवीस मुलं पंचवीस खासगी चॅटवर असतात, आणि त्या पंचवीस चॅटमध्ये एखादं वेगळं चाललं असेल तर ते ओळखण्याचा मार्गच उरत नाही. भल्या शिक्षकांनी नियम पाळला तरच वाईट माणूस उठून दिसतो. शिक्षकांना हे याच शब्दांत सांगा. ‘तुमच्यावर संशय आहे’ असं त्यांना वाटलं तर ते नियमाला वळसा घालतील.

मग शंका कुठे विचारायच्या? क्लासचा एक वेगळा फोन किंवा सिमकार्ड घ्या, त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस टाका, आणि ते किमान दोघांना दिसेल असं ठेवा. संदेशाची वेळ ठरवा, समजा सकाळी आठ ते रात्री साडेआठ. त्यानंतर आलेल्या शंकेला उत्तर दुसऱ्या दिवशी. मूल १३ वर्षांखालचं असेल तर व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम दोन्हींच्या नियमांनुसार त्याचं स्वतःचं खातंच नको. तेव्हा शंका पालकांच्या फोनवरूनच येऊ द्या. त्याहून मोठ्या मुलांसाठी तिघांचा छोटा ग्रुप करा: मूल, पालक, क्लासचा नंबर. पालक रोज वाचणार नाहीत. तरी ते वाचू शकतात हे सगळ्यांना माहीत असतं, आणि काम तेवढ्यानेच होतं.

बॅचच्या मोठ्या ग्रुपमध्ये दुसरी अडचण असते. साध्या ग्रुपमध्ये साठ घरांचे नंबर एकमेकांना दिसतात. दहावीच्या मुलाला पाचवीतल्या मुलीचा नंबर असाच मिळतो. व्हॉट्सअॅप कम्युनिटीच्या घोषणा ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि मेसेज फक्त अॅडमिन टाकतात. सूचनांसाठी तोच वापरा. ग्रुपची आमंत्रण लिंक कधीही जाहिरातीत टाकू नका.

आता घसरण कशी होते ते जवळून बघू. खालचे मेसेज नमुन्यादाखल आहेत, पण तबल्याच्या क्लासपासून स्पर्धा परीक्षेपर्यंत घडण तीच असते.

‘आज तबला फार सुरेख वाजवलास.’

‘ग्रुपवर सांगत नाही, बाकीच्यांना वाईट वाटेल. पण तुझ्यासारखा हात या बॅचमध्ये कुणाचाच नाही.’

‘झोपली नाहीस अजून? मलाही झोप येत नाही. तुझ्याशी बोललं की बरं वाटतं.’

‘आईला कशाला सांगतेस, ती म्हणेल रियाज सोडून गप्पा मारते.’

‘इथे नको, टेलिग्रामवर ये. इथे मेसेज राहतात.’

‘हाताची बैठक नीट दिसत नाही, पूर्ण फोटो पाठव ना.’

पहिल्या मेसेजमध्ये गैर काहीच नाही. दुसऱ्यातही नाही म्हणता येईल. पण दुसऱ्याच ओळीत मुलीला बाकीच्यांपासून वेगळं काढलं आहे, तिसऱ्यात शिक्षकाने स्वतःचं दुःख तिच्या खांद्यावर ठेवलं आहे, चौथ्यात आई बाहेर गेली. फोटो शेवटी मागितला जातो, तोवर मूल ‘नाही’ म्हणायला लाजतं, कारण समोरचा आता त्याचा एकमेव मित्र झालेला असतो. म्हणून पालकांना फोटोची वाट बघायला सांगू नका. चौथ्या ओळीवर थांबायला शिकवा: कुणीही मोठा माणूस ‘घरी सांगू नकोस’ म्हणाला की त्याच दिवशी घरी सांगायचं. मुलाला हा एकच नियम तोंडपाठ असला तरी खूप झालं.

आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. शिक्षकाशी असलेल्या चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू केलेली आढळली, किंवा फोटो एकदाच दिसेल अशा पद्धतीने येत असतील, तर शिकवणीला त्याचं काही कारण नाही. आणि ‘सरांचा नवीन नंबर’ म्हणून आलेला मेसेज: सरांचा फोटो लावून कुणीही खातं उघडू शकतं. नंबर बदलला तर तो तासात तोंडी सांगायचा आणि घोषणा ग्रुपवर टाकायचा, तोवर नव्या नंबरला उत्तर द्यायचं नाही, हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.

तासातली सेटिंग

हा भाग लवकर उरकतो. झूमवर प्रत्येक बॅचसाठी वेगळी मीटिंग आणि पासकोड ठेवा. स्वतःचा कायमचा मीटिंग आयडी वापरू नका, कारण तो एकदा बाहेर गेला की वर्षभर बाहेरच असतो. वेटिंग रूम चालू ठेवा, आणि आत घेताना नाव हजेरीच्या यादीशी जुळवा. मुलाने ‘आर्या क.’ असं नाव लावायचं, पूर्ण नाव आणि शाळा नको. ‘रेडमी नोट’ किंवा ‘आयफोन’ या नावाने कुणी उभं असेल तर आत घेऊ नका. क्लासच्या नंबरवरून पालकांना विचारा.

स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे. नाव बदलण्याची मुभा बंद. चॅट सगळ्यांना दिसेल असाच. झूममध्ये एकाने दुसऱ्याला खासगी मेसेज पाठवायची सोय असते आणि ते मेसेज होस्टलाही दिसत नाहीत. शिक्षक धडा शिकवत असताना मागच्या बाकावर चाललेली छळवणूक इथेच होते. सगळे आले की दहाव्या मिनिटाला मीटिंग लॉक करा. रेंज गेलेलं मूल बाहेर पडलं तर पालक क्लासच्या नंबरवर मेसेज करतील, तेव्हा पुन्हा उघडा.

कुणी घुसून अश्लील काही दाखवायला लागलं तर एकेकाला शोधत बसू नका. झूमच्या होस्ट टूल्समध्ये सगळ्यांच्या हालचाली एकदम थांबवण्याचं बटण आहे. त्याने व्हिडिओ, आवाज, चॅट, शेअर सगळं बंद होतं. मग त्या माणसाला काढा. हे बटण कुठे आहे ते आधीच शिक्षकाला दोनदा दाबून दाखवायला लावा. त्या घाबरलेल्या क्षणी ते सापडत नाही. नंतर तास तसाच पुढे चालवू नका. मुलांशी दोन मिनिटं बोला, आणि त्याच संध्याकाळी सगळ्या पालकांना काय घडलं ते सरळ शब्दांत कळवा.

झूमच्या छोट्या खोल्यांत (ब्रेकआउट रूम) मुलांना वाटून देता तेव्हा प्रत्येक खोलीत किमान तीन जण ठेवा. शिक्षक आणि एक मूल अशी खोली करू नका.

रेकॉर्डिंगबद्दल मतं वेगळी असतात. उजळणीसाठी करत असाल तर शिक्षकाला स्पॉटलाइट करून फक्त फळा आणि शिक्षकच रेकॉर्ड करा, मुलांचे चेहरे नकोत. फाइल क्लासच्या खात्यावर, शिक्षकाच्या फोनमध्ये नाही. ३० दिवसांनी पुसा. ‘सगळं रेकॉर्ड होतंय म्हणजे सुरक्षित आहे’ हा समज धोक्याचा आहे, कारण रेकॉर्डिंग कुणी बघत नाही आणि गैरप्रकार रेकॉर्डिंगबाहेर होतो.

एकास एक तास आणि व्हिडिओ गृहपाठ

गाणं, वाद्य, बुद्धिबळ, उच्चारदोषाचा सराव हे एकास एकच शिकवावं लागतं. तिथे खासगीपणा पूर्ण टाळता येत नाही, पण दार उघडं ठेवता येतं, अक्षरशः. मूल बैठकीच्या खोलीत किंवा दार सताड उघडं असलेल्या खोलीत बसेल, घरातलं कुणी आवाजाच्या टप्प्यात असेल. इयरफोन लावला तर शिक्षकाचं बोलणं घरच्यांना ऐकू येत नाही, तेव्हा लहान मुलांना स्पीकरवरच शिकवा. लिंक मुलाला नाही, पालकांच्या ईमेलवर. क्लासच्या दुसऱ्या एका व्यक्तीकडे प्रत्येक मीटिंगचा को-होस्ट हक्क असेल आणि ती महिन्यातून एकदा तरी न सांगता आत येईल. एकट्याने शिकवणाऱ्यांनी हे काम पालकांवर सोपवावं: ‘मधूनमधून खोलीत या, मला चालेल’ हे वाक्य पहिल्याच दिवशी बोलून टाकावं.

कॅमेरा कुठे ठेवायचा ते विषयावर ठरतं. तबल्याला हात आणि खांदे दिसले की पुरे. मागे घराचा नंबर, सोसायटीची पाटी, शाळेचा गणवेश दांडीवर टांगलेला नको. पलंगावर बसून तास नको. झोपायच्या कपड्यांत नको. हे शिक्षकालाही तेवढंच लागू आहे.

नृत्य, योग, कुस्ती-कबड्डीचा व्यायाम, जिम्नॅस्टिक्स इथे सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं, कारण शरीर बघणं हाच शिकवण्याचा भाग असतो. चूक दुरुस्त करायची ती बोलून किंवा स्वतः करून दाखवून: ‘गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ देऊ नकोस.’ ‘कपडा वर कर म्हणजे दिसेल’ असं कधीच नाही. आसन दिसत नसेल तर कॅमेरा बदला, मुलाचे कपडे नाही. वजन कमी करण्याच्या नावाखाली ‘आधी-नंतर’चे फोटो १८ वर्षांखालच्या कुणाकडूनही मागू नका.

व्हिडिओ गृहपाठ ही सगळ्यात दुर्लक्षित फट आहे. दर आठवड्याला ४० मुलींचे नाचाचे व्हिडिओ सरांच्या वैयक्तिक व्हॉट्सअॅपवर येतात, फोनच्या गॅलरीत आपोआप साठतात, तिथून क्लाउडमध्ये जातात. सरांच्या मनात काही नसलं तरी तो फोन हरवतो, विकला जातो, भाच्याच्या हातात जातो. त्याऐवजी क्लासच्या गुगल खात्यावर प्रत्येक मुलाचं वेगळं फोल्डर करा, ते फक्त पालक आणि क्लास यांच्यात शेअर करा, व्हिडिओ पालकच टाकतील असं ठरवा. लांबी ६० ते ९० सेकंद, क्लासचा सैलसर वेश, अभिप्राय त्याच फोल्डरमध्ये लिहून. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मागच्या महिन्याचं सगळं पुसा. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवलं म्हणजे खासगी झालं असं नाही, लिंक असलेला कुणीही ते बघतो.

परावलंबी प्रौढांचं वेगळं गणित

बौद्धिक अक्षमता असलेली पंचवीस वर्षांची तरुणी चित्रकला शिकते, सत्तरीचे आजोबा मोबाइल बँकिंग शिकतात. दोघांना मुलांचे नियम जसेच्या तसे लावले तर त्यांचा अपमान होतो. प्रौढ माणसाची संमती ही त्याची स्वतःची. १८ वर्षं पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली स्थानिक स्तर समिती पालकत्व देते, आणि तिचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. तसा आदेश असेल तर त्याची नोंद घ्या. नसेल तर थेट शिकणाऱ्यालाच विचारा, सोप्या भाषेत, चित्रं वापरून लागेल तर: ‘तुम्हाला काही त्रास झाला तर मी कुणाला सांगू?’ दोन नावं घ्या, शक्य असेल तर एक घराबाहेरचं.

घराबाहेरचं का? कारण त्रास देणारा बऱ्याचदा घरातलाच असतो. आजोबा प्रत्येक प्रश्नाला मागे वळून बघून उत्तर देतात, कॅमेऱ्याबाहेरून कुणी त्यांच्या वतीने बोलतं, ‘हे मुलाला कळू देऊ नका’ असं दोनदा म्हणतात, अचानक फी भरायला पैसे नाहीत म्हणतात. अशा वेळी लगेच त्याच मुलाला फोन लावला तर आजोबांचा फोनच काढून घेतला जाईल. पुढच्या तासात दहा मिनिटं आधी बोलवा, ‘एकटे आहात का?’ असा होय-नाही प्रश्न विचारा, आणि ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनची माहिती द्या. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ७ नुसार अपंग व्यक्तीवर अत्याचार होत असल्याची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतं.

पैशाचे नियम शिक्षकासाठी कडक हवेत. शिकणाऱ्याचा ओटीपी, यूपीआय पिन, पासबुकचा फोटो कधीही मागायचा नाही. दूरून फोन चालवायचं अॅप टाकायला लावायचं नाही. यूपीआय शिकवताना शिक्षकाने स्वतःच्या फोनवर दाखवायचं, आजींनी बघायचं आणि स्क्रीन शेअर न करता करायचं. आजींनी स्क्रीन शेअर केली असताना बँकेचा मेसेज वर झळकला तर ओटीपी बॅचभर दिसतो. शेअर करायचीच असेल तर आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करायला शिकवा. आणि हे वाक्य प्रत्येक तासात एकदा म्हणा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला. शिक्षकाने भेट, उसने पैसे, जामीन, मृत्युपत्रात नाव यातलं काहीही घ्यायचं नाही, प्रेमाने दिलं तरीही.

मूल सांगतं तेव्हा

आपल्यावर अत्याचार होतोय हे मूल ठरवून सांगत नाही. तासाच्या शेवटी, बाकीचे बाहेर पडत असताना म्हणतं, ‘मॅडम, एक विचारू?’ बॅचसमोर सुरू झालं तर को-होस्टला बॅच सांभाळायला सांगून मुलाला दुसऱ्या खोलीत घ्या आणि तिथे तिसरं विश्वासाचं माणूस बोलवा, पण मुलाला चालत असेल तरच. मूल फक्त तुमच्याशीच बोलायला तयार असेल तर ऐका. नियमासाठी त्याचं तोंड बंद करू नका. कुणाला तरी तेवढ्यात कळवून ठेवा की तुम्ही बोलताय.

बोलायचं एवढंच: ‘तू सांगितलंस ते चांगलं केलंस. यात तुझी चूक नाही. मी हे गुपित ठेवू शकणार नाही, पण ज्यांना कळायला हवं त्यांनाच सांगेन.’ गुपित ठेवण्याचं वचन देऊ नका, मोडावं लागतं. ‘मग तू का गेलीस?’, ‘नक्की ना?’ असं विचारू नका. खोदून प्रश्न विचारले तर पुढे कोर्टात म्हटलं जातं की मुलाच्या तोंडी शब्द घातले. बोलणं संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत मुलाचेच शब्द, तारीख आणि वेळ टाकून लिहून काढा. मुलाने ‘शू-शू’ म्हटलं असेल तर तेच लिहा, तुमचा सभ्य पर्याय नको.

मग कळवायचं, त्याच दिवशी. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलेल्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, पालकांची परवानगी लागत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कलम १९ मध्येच संरक्षण आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, तातडीला ११२. मुलाचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय, मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. पालकांना हे सांगा, त्यांची अर्धी भीती ‘पोरीला ठाण्यात बसवतील’ हीच असते.

ज्याच्यावर आरोप आहे त्या शिक्षकाला ‘तुमचं काय म्हणणं आहे?’ म्हणून फोन करू नका. सरळ माणसालाही हा मोह होतो, वीस वर्षांची ओळख असते. पण त्या फोननंतर तासाभरात चॅट पुसले जातात. पोलिसांशी बोलून मगच त्याचे तास थांबवा, आणि कारण देताना मुलाची ओळख कुठेही उघड होऊ देऊ नका.

पुराव्याबाबत एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची. मुलाचे अश्लील फोटो असतील तर त्यांचा स्क्रीनशॉट काढू नका, कुणालाही पुढे पाठवू नका, ‘पुरावा म्हणून’ मुख्याध्यापकांनाही नाही. असं साहित्य साठवणं हाच गुन्हा आहे, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. ज्या फोनवर आहे तो फोन तसाच, रीसेट न करता पोलिसांकडे द्या. बाकी चॅटचे स्क्रीनशॉट, समोरच्याचा नंबर, खात्याचं नाव, वेळ हे टिपा. व्हॉट्सअॅप चॅट एक्सपोर्ट करायचं असेल तर मीडियाशिवाय. रिपोर्ट किंवा ब्लॉक करायच्या आधी हे करा, कारण रिपोर्ट करताना चॅटच पुसलं जाऊ शकतं.

फोटो पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागत असतील तर पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की पुन्हा मागतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन. फोटो काढला तेव्हा मूल १८ वर्षांखालचं असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा फोटो फोनबाहेर न पाठवता त्याची अंकी खूण तयार करते आणि सहभागी समाजमाध्यमं त्या खुणेवरून तो अडवतात. प्रौढांसाठी तसंच काम ‘स्टॉपएनसीआयआय’ करते. त्या रात्री मुलाला एकटं ठेवू नका. मनावरचा भार फार असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

शिक्षक सोडून जातो त्या दिवशी

निरोपाचा तास होतो, मुलं रडतात, सर म्हणतात ‘काही लागलं तर फोन करा’. आणि सर त्या सगळ्या ग्रुपमध्ये पुढची तीन वर्षं अॅडमिन म्हणून राहतात. त्याच दिवशी करायची कामं: ग्रुपमधून काढा, आमंत्रण लिंक रीसेट करा, झूमचे पासवर्ड बदला, ड्राइव्हचा हक्क काढा, सगळ्या बॅचच्या मीटिंग नव्याने बनवा, आणि पालकांना कळवा की हे सर आता आपल्या क्लासतर्फे शिकवत नाहीत. अर्धा तास लागतो.

आणि दर सहा महिन्यांनी एक चाचणी घ्या. कुणा ओळखीच्या मोठ्या माणसाला ‘रोहन प.’ या नावाने, कॅमेरा बंद ठेवून, चालू बॅचच्या वेटिंग रूममध्ये उभं राहायला सांगा. शिक्षकाने यादी न बघता आत घेतलं, तर त्याच आठवड्यात सगळ्या शिक्षकांना एकत्र बसवा.